रोवळीचं चित्र नको, रोवळीची रीत घ्या

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्याहून लग्न होऊन मालवण तालुक्यात आलात. सहा माणसांचं घर, दोन लहान मुलं. दुपारची जेवणं आटोपली की मिळेल तेवढ्या वेळात कापडी पिशव्या आणि टेबलावरची आवरणं भरता, गावातले होमस्टेवाले ती पर्यटकांना विकतात. फोनवर चित्रं बघून वारली, मधुबनी, माड, होडी असं काढता. विकलंही जातं. पण "यात माझं काहीच नाही" असं वाटत राहतं. "घरात चोवीस तास माणसं, डोकं रिकामं कधी असतं? रांधा, वाढा, उष्टी काढा यातून प्रेरणा शोधायची तरी कशी?" असं तुम्ही विचारलंत. आणि जाता जाता, सासूबाईंच्या ट्रंकेतल्या जुन्या लुगड्यांना कात्री लावू का, हेही.

लुगड्यांकडे शेवटी येते. तो प्रश्न तुम्ही सहज म्हणून टाकलाय, पण सगळ्यांत अवघड तोच आहे.

मी वेंगुर्ल्याच्या बाजूची. एकतीस वर्षं गोधड्या आणि सुईकाम करते. पहिली काही वर्षं घरापुरतं, मग ओळखीत, मग ऑर्डरी येऊ लागल्या. आता शेजारच्या चौघी दुपारी आमच्या पडवीत शिवायला बसतात. कलाशाळेची पायरी मी चढलेले नाही, त्यामुळे सांगते ते हातांनी शिकलेलं आणि एकाच प्रकारच्या कामातलं. माती किंवा लाकूड हाताळणारा माणूस कदाचित वेगळं सांगेल.

डोकं रिकामं मिळत नाही ही तुमची अडचण आहे असं मला वाटत नाही. माझं डोकं या सगळ्या वर्षांत एकदाच रिकामं होतं, पाय मोडून दीड महिना खाटेवर होते तेव्हा, आणि त्या दीड महिन्यात एक धड नमुना सुचला नाही. मला दिसतं ते असं, की तुम्ही घराकडेही फोनकडे बघता तशाच बघताय. फोनवर चित्र तयार असतं, उतरवून घेतलं की झालं. मग त्याच नजरेने स्वयंपाकघरात बघता. विळी, पाट, भांडी, वाळत घातलेले कपडे, अर्धवट खाल्लेली पोळी. उतरवून घ्यावं असं चित्र त्यात सापडत नाही. सापडणारच नाही. घरात चित्रं नसतात, कामं असतात. आणि प्रत्येक कामाला काही रीत असते, माप असतं, आधी काय आणि मग काय हे ठरलेलं असतं. आपल्याला घ्यायचं असतं ते हे.

मला हे शहाणपण फुकट मिळालेलं नाही. वीसेक वर्षांपूर्वी एका रिसॉर्टने 12 उशांच्या अभ्र्यांची ऑर्डर दिली. "समुद्राचं काहीतरी करा," एवढंच सांगितलं. मी मासे काढले. मुलांच्या चित्रांच्या पुस्तकातून घेतले होते, गोल डोळा, हसरं तोंड, कौलांसारखे एकावर एक बसवलेले खवले. पंधरा दिवस मान मोडून भरले. सासूबाईंनी एक अभ्रा हातात घेतला आणि आधी उलटा केला. त्या कुठलंही शिवणकाम मागच्या बाजूने आधी बघायच्या. मग सुलटा केला आणि म्हणाल्या, "टाके बरे आसत. पण गो, ह्यो मासो बाजारातलो नाय, पुस्तकातलो."

रिसॉर्टने अभ्रे घेतले, पैसेही चुकते केले, पण पुन्हा ऑर्डर आली नाही.

मला राग आला होता. दुसऱ्या दिवशी बांगडे साफ करायला बसले तेव्हाही तो गेला नव्हता, आणि बहुधा त्या रागापायीच मी बांगड्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. तोवर हजारो बांगडे हाताखालून गेले असतील. पाठीलगत काळ्या ठिपक्यांची रांग. तिच्या खाली डोक्याकडून शेपटीकडे गेलेल्या बारीक काळपट रेघा. त्या पाठीकडेच असतात, खाली येता येता विरतात, आणि पोट नुसतं रुपेरी, मोकळं. वर सगळी गर्दी आणि खाली काहीच नाही. माझ्या पुस्तकातल्या माशाला मात्र सगळीकडे सारखे खवले होते.

मग मी एक ओढणी घेतली. एका काठाशी धावदोऱ्याच्या रांगा घातल्या, पहिल्या सात-आठ अगदी चिकटून, मग अर्ध्या बोटाचं अंतर, मग एक बोट, मग दोन, आणि पुढचं अर्धं कापड कोरं सोडलं. त्या ओढणीत मासा कुठेच नाही. एक गिऱ्हाईकबाई म्हणाल्या, "पावसासारखं दिसतंय." मी म्हटलं, असेल. तो नमुना मी आजही करते, आणि तो कोणाचा असं मला कोणी विचारत नाही, कारण तो दुसऱ्या कोणाकडे नाही.

आता तुमच्या घरातलं उदाहरण घेऊ. रोवळी, तांदूळ धुऊन निथळायची बांबूची टोपली, असेल ना? प्लॅस्टिकची चाळण आली असेल तर आठवडा बाजारात बांबूकाम घेऊन बसणाऱ्यांकडून एक विकत घ्या. रोवळीचं बूड चौकोनी असतं आणि तोंड गोल. बुडाला बांबूच्या पट्ट्या एकमेकींना काटकोनात छेदतात, म्हणून तिथे चौकोन आपसूकच होतो. त्या वर वळवल्या की कोपरे हळूहळू मवाळ होतात, आणि तोंडाशी कडं बांधलं की गोल. कोपरा नेमका कुठे संपला ते बोट फिरवून शोधा. सापडत नाही. तांदूळ निथळायला ठेवताना ही गंमत मी कित्येक वर्षं हातात धरत होते आणि बघत नव्हते.

रोवळीचं चित्र पिशवीवर काढलंत तर ते पर्यटकांसाठीचं चित्र झालं, होडी आणि माडाच्या पंगतीतलं. चौकोनाचा गोल करायची तिची रीत घेतलीत तर तुमच्या हातात एक नमुना आला. करायचं असं: कापडाच्या मधोमध चार बोटांचा चौकोन धावदोऱ्याने घाला. त्याच्या बाहेर पाऊण बोटावर दुसरा, मग तिसरा. चौथ्या फेरीला कोपरा गाठायच्या एक टाका आधीच वळा आणि तिरकं जाऊन पुढची बाजू धरा. पाचव्या फेरीला दोन टाके आधी, सहाव्याला तीन. दहा-बारा फेऱ्यांत चौकोन गोल होतो. फेऱ्या किती लागतील ते तुमच्या टाक्यावर आहे. माझा टाका साधारण तांदळाच्या दाण्याएवढा. पहिल्यांदा केलं तेव्हा माझा एक कोपरा लवकर वळला आणि गोलाचा बटाटा झाला. तो तुकडा मी ठेवलाय, नव्या मुलींना हसायला बरा पडतो.

हेच वाकळीचं. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. सासूबाई वाकळ घालायच्या तेव्हा खाली-वर लुगडी, आत जुनी धोतरं आणि विरलेल्या चादरी. खळ्यात सगळं पसरून चार कोपऱ्यांवर चिऱ्याचे तुकडे ठेवायच्या, लांब लांब कच्चे टाके मारून घ्यायच्या, आणि मग कडेपासून शिवत, फेऱ्या घालत मध्याकडे यायच्या. कडेकडून आत आलं की जास्तीचं कापड आत आत सरकतं आणि शेवटी मधोमध फुगा राहतो. मी कुठूनतरी ऐकलं होतं की मधून सुरुवात करून बाहेर जावं, म्हणजे फुगा येत नाही. तसं त्यांना सांगितलंही. त्या म्हणाल्या, कड सुटी ठेवली तर पोरं ओढून नेतील. घरात तेव्हा सहा पोरं होती. कड आधी बंद करणं हाच शहाणपणा होता.

मग तो फुगा त्या चिमटीत धरायच्या, त्याची चुणी घालायच्या आणि चुणीवर लाल खणाचा एक चौकोन शिवून टाकायच्या. येणारी-जाणारी माणसं त्या लाल चौकोनाला नक्षी समजायची. मीसुद्धा दहा वर्षं तेच समजत होते. सहा पोरांचं घर, म्हणून कडेपासून शिवण, म्हणून फुगा, म्हणून लाल चौकोन. आता माझ्या वाकळीत फुगा येत नाही, तरी मी मधोमध लाल चौकोन लावते. ही आठवण म्हणायची की लबाडी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेव्हा प्रेरणा शोधायला निघायच्या आधी एवढंच बघा: घरात कोण काय करताना काय जुळवून घेतंय. अडलेलं काम माणूस कसं सोडवतो तिथे नमुना असतो. आमच्या शेजारचे एक काका जून-जुलैच्या मासेमारी बंदीत ओट्यावर बसून जाळी दुरुस्त करतात. मी एकदा बघत उभी राहिले तर फाटलेलं भोक सांधायच्या आधी त्यांनी ते कापून आणखी मोठं केलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला दिसेनासं झालं की काय. पण लोंबते, तुटके धागे काढून भोकाची कड सरळ केली नाही तर नवी गाठ धरायला नीट जागाच मिळत नाही. त्या दिवसापासून फाटक्या कापडाला रफू करताना मी आधी भोक नीट चौकोनी करून घेते आणि मग दिसेल अशा दोऱ्याने भरते. पूर्वी फाटलेलं लपवायच्या धडपडीत सगळं वेडंवाकडं व्हायचं.

आता हे सगळं परिस्थितीवर किती अवलंबून आहे ते सांगायला हवं, नाहीतर माझं बोलणं आरामखुर्चीतलं वाटेल.

पैशाचं आधी. मुलांची फी किंवा घरातला एखादा ठरलेला खर्च या पिशव्यांवर चालत असेल तर वारली लगेच थांबवू नका. दहा पिशव्यांतल्या आठ विकणाऱ्या, दोन तुमच्या. त्या दोन विकल्या गेल्या नाहीत तर स्वतः बाजाराला घेऊन जा, लोक विचारतात. फक्त वारलीवर "कोकणची कला, मालवण" असं लिहायचं सोडा. ती पालघर-डहाणूकडच्या वारली लोकांची आहे. कोकणचं उत्तर टोक ते, मान्य, पण तुमच्या अंगणात ती उगवलेली नाही.

मुलांच्या वयावरही आहे. धाकटं रांगत असेल तर सुई आणि कात्री उंच फळीवर, आणि ते वर्ष नुसतं बघण्यात गेलं तरी चालेल. शाळेत जाणारी असतील तर तुमच्याकडे रोज एक-दीड तास आहे, तो मोबाईलला देऊ नका.

आणि घरातली माणसं तुमच्या कामाला काम म्हणतात का? यावर मला सल्ला देता येणार नाही, प्रत्येक घर वेगळं. आमच्याकडे बरीच वर्षं "चिंध्या घेऊन बसलीय" असंच होतं. एका महिन्यात विजेचं बिल माझ्या पैशातून भरलं गेलं, त्यानंतर दुपारी मला हाक मारायची बंद झाली. कोणी काही बोललं नाही. नुसत्या हाका थांबल्या.

शांततेबद्दल माझा अनुभव सांगते. कामाचे दोन भाग करा. मोजायचं, आखायचं, कापायचं काम एकांतात. ते गर्दीत केलंत तर चुकणारच, आणि मग राग मुलांवर निघतो. धावदोरा, काठ दुमडणं, कच्चे टाके हे गर्दीत होतं, उलट बोलता बोलता बरं होतं. मी सकाळी साडेपाचला उठून आखून ठेवते आणि दुपारी बडबडीत शिवते. नवं सुचतं ते मला नेहमी दुपारीच सुचलेलं आहे, कारण हात चालू असतो आणि कोणीतरी काहीतरी बोलतं. बांगड्याचा दिवस तसाच होता.

सुचलेलं टिकवायचं कसं, यासाठी एक सवय लावून घ्या. माझ्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात चार बोटं लांब, चार बोटं रुंद अशा मांजरपाटाच्या चिंध्या कापून ठेवलेल्या असतात, एक सुई आणि काळा दोरा. दिवसात कुठे काही रीत दिसली तर त्याच दिवशी एका चिंधीवर पाच-सात ओळी टाके घालायचे. दहा-पंधरा मिनिटांचं काम. चांगलं दिसावं अशी अट नाही. मागे पेन्सिलने एक शब्द आणि तारीख. माझ्या डब्यात "झाप" आहे: मांगरासाठी, म्हणजे शेतातल्या खोपीसाठी, झावळ्या विणताना एक पात वरून आणि एक खालून जाते ती. "आमसुलं" आहे: रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, सालं उन्हात पसरली की एका दिवसात कडा आत वळतात आणि मधल्या फटी बदलतात, ती. "सुरंगी" आहे. आरवलीकडे सुरंगीच्या कळ्या उमलायच्या आत काढून गुंफतात, दाटीवाटीने, दोरा दिसू न देता. त्या चिंधीत मी दोरा न दिसू देण्याचा प्रयत्न केला आणि तो साफ फसला. तीही डब्यातच आहे.

वर्षाला साठ-सत्तर चिंध्या होतात. त्यातल्या सहा-सात कामाच्या निघतात. हा हिशोब आधीच सांगते, नाहीतर दहाव्या चिंधीला तुम्ही डबा बंद कराल.

फोटो काढून ठेवले तर काय बिघडलं, असं आमच्या मुली विचारतात. बिघडत काही नाही. पण फोटोत रंग येतो, आकार येतो आणि काम येत नाही. संध्याकाळी तो फोटो उघडलात की पुन्हा तुम्ही चित्र उतरवायला बसता. चिंधीवर चार बोटांच्या जागेत चित्र मावतच नाही, त्यामुळे रीत तेवढी उरते.

रंगाच्या बाबतीत घरातल्या वस्तूंवर आंधळा विश्वास ठेवू नका. एका मे महिन्यात रातांब्याच्या रसात कापड बुडवलं. काय गुलाबी आला होता! दोन पिशव्या त्याच आठवड्यात गेल्या. एक परत आली. साबणाचं पाणी लागल्याबरोबर कापड निळसर राखाडी पडलं होतं. आंबटात लाल राहायचं आणि साबण-सोडा लागला की काळवंडायचं हा त्या रंगाचा स्वभावच आहे, आणि पाण्याने तो उतरतोही. पैसे परत दिले, माफी मागितली. हिरड्याच्या पाण्यात कापड भिजवून, वाळवून, मग गंजक्या खिळ्यांच्या पाण्यातून काढलं की येणारा काळा-करडा मात्र चांगला टिकतो. हळद विसरा, ती उन्हात उडते.

न सांगता टिकणारा रंग आमच्याकडे एकच, काजूच्या बोंडाचा. सासूबाईंची काजूच्या दिवसांतली साडी वेगळी असायची. बी पिळून काढताना बोंडाचा रस उडतो, सुकला की तपकिरी डाग, आणि तो जन्मात जात नाही. ती साडी अगदी जीर्ण झाली तेव्हा मी तिचा एक तुकडा घेतला आणि प्रत्येक डागाच्या कडेकडेने धावदोरा फिरवला. एका भोवती एक फेरी, मोठ्या डागाला दोन-तीन. काही आखलं नाही, जागा डागांनीच ठरवलेल्या होत्या. ते कापड विकायला काढलं नाही. पण त्यावरून मी पुढे अभ्र्यांचा एक जोड केला, त्यात डाग नाहीत, नुसत्या फेऱ्या आहेत, आणि त्या कुठे असाव्यात हे त्या साडीवरून घेतलंय.

घराबाहेर शिकायचंच असेल तर एक दिवस मुलांना घेऊन सावंतवाडीला जा. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे जुन्या खेळातले हाताने रंगवलेले पत्ते, रंगवणारे कारागीर काम करताना बघायला मिळतात. ही कला जवळजवळ संपत आली होती. 1970 च्या दशकात तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफेत 120 गोल पानं: दहा अवतार, प्रत्येकाची बारा. राजा, प्रधान, आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत. सगळे लोक राजाच्या पानाकडे बघतात. तुम्ही सत्त्या-अठ्ठ्याकडे बघा. एका लहानशा गोलात मत्स्याचा तोच मासा, परशुरामाचा तोच परशू सात वेळा, आठ वेळा कसा बसवलाय ते बघा. घरी येऊन वाटी उपडी ठेवून दहा गोल आखा आणि स्वतःची एक खूण घ्या, तुळशीचं पान म्हणा किंवा भाताचा दाणा. पहिल्या गोलात एक, दुसऱ्यात दोन, असं दहापर्यंत बसवा. पाचपर्यंत सोपं जातं. सातही बसतं, एक मध्ये आणि सहा भोवती. आठला घाम फुटतो. त्या घामात जेवढं शिकाल तेवढं शंभर तयार चित्रं उतरवून शिकणार नाही. (मुलं चितार आळीतली लाकडी फळं मागतील. घेऊन द्या.)

परतताना कुडाळजवळ पिंगुळीला थांबा. तिथे गुढीपुरात ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची, आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे. परशुराम गंगावणे यांना 2021 ची पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. त्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय उभं केलं. घर आणि कला वेगळ्या जागी असाव्या लागतात असं वाटत असेल तर तो गोठा एकदा बघून या. पण तिथली चित्रं पिशवीवर आणू नका. ती त्यांची आहेत आणि त्यांच्या चुली त्यावर पेटतात. आवडलं तर विकत घ्या आणि भिंतीवर लावा. गंजिफेच्या अवतारांचंही तेच. मांडणीचा अभ्यास करायला कोणाची ना नाही, चेहरे उतरवून विकणं वेगळं.

गणपतीचे दिवस मात्र सोडून द्या. चाकरमानी येतात, पंगतीवर पंगत उठते, त्या काळात माझ्या हातात सुई नसते आणि त्याचं मला वाईट वाटणं बंद झालंय. तरी माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधताना लक्ष असू द्या. नारळ, तवसं (काकडी), सुपारीचा घोस असं जड सगळं सांध्यांपाशी, कवंडळं, हरणं असलं रानातलं हलकं मध्ये लोंबतं. कोणी शिकवत नाही, चौकट वाकू नये म्हणून हात तसाच जातो. त्यावरची माझी चिंधी तीन वर्षं अर्धवट पडलीय.

थोडक्यात: आधी दोन पिशव्या स्वतःच्या, डब्यात चिंध्या, आखणी पहाटे आणि टाके दुपारी. सुरुवात रोवळीपासून करा.

आणि आता लुगडी. तूर्त ट्रंकेला हात लावू नका. सासूबाईंना विचारा, पण "कापू का?" असं विचारू नका. एखाद्या मोकळ्या दुपारी दोघी मिळून ट्रंक उघडा, उन्हं द्यायच्या निमित्ताने, आणि एकेक लुगडं कुठलं, कधीचं, ते त्यांना सांगू द्या. कुठलं द्यायचं ते त्या स्वतः ठरवतील. कदाचित त्या दिवशी नाही, कदाचित पुढच्या वर्षी. माझ्या सासूबाईंनी सात लुगडी माझ्यापुढे टाकली आणि आठवं मांडीखाली घेऊन बसल्या. मी त्याबद्दल विचारलं नाही. ते आता माझ्या कपाटात आहे, अजून अख्खं.

मिळालीच तर प्रत्येक लुगडं उजेडात आडवं धरून बघा. कासोट्याचं, बसण्याउठण्याचं कापड विरलेलं असतं, ते वाकळीच्या आतल्या थराला लावा. पदराकडचं घट्ट असतं, ते वर. आडवं धरून हलकेच ओढा. करकरलं तर वर लावू नका. काठ आधी वेगळे करून गुंडाळून ठेवा, ते पुढे पिशवीच्या पट्ट्यांना येतात. घट्ट कापडाला कात्री फक्त दोन बोटं लावायची, मग हाताने फाडायचं, म्हणजे सूत सरळ जातं. विरलेल्याला मात्र कात्रीच. पहिल्यांदा फाडताना आवाज केवढा येतो ते कळेल. सासूबाई आत झोपलेल्या असताना फाडू नका.